रस्त्यापलीकडचं औषध

टेलरमामांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं आणि त्यांची मशीन दुकानाच्या तोंडाशी. त्यामुळे गल्लीत शिरणारा माणूस आधी मामांच्या नजरेखालून आणि मग त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. माणूस मनाने लाख मोलाचा. कुणाच्या घरी अडचण असली, की त्या घरच्या पोरांचे शाळेचे गणवेश मामा शिलाई न घेता शिवून देत आणि वर म्हणत, "कापड उरलं होतं हो, फुकट गेलं असतं." फक्त जिभेला हाड नव्हतं.

दुकानात दुसरी मशीन होती ती त्यांच्या भावाची. त्याला सगळी गल्ली 'धाकटा' म्हणायची. मामा मापं घेत, कापड बेतत आणि बोलत. धाकटा खाली मान घालून शिवत असे. कॉलर बसवावी तर धाकट्यानेच, असं इतर टेलरसुद्धा कबूल करत. दुकानाच्या मागच्या खोल्यांत दोघा भावांचा एकत्र संसार होता. मामा, मामी, धाकटा, त्याची बायको धाकटी आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी.

दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, टपाल कार्यालयाची जुनी इमारत बरीच वर्षं बंद पडून होती. एक दिवस तिथे रंगारी आले, खिडक्यांना नव्या काचा बसल्या आणि दारावर पाटी लागली: 'एचआयव्ही तपासणी, सल्ला व मोफत औषधोपचार केंद्र'.

गल्लीत कुरबुर सुरू झाली. "पोरीबाळी या रस्त्याने शाळेत जातात," कुणी म्हणालं. "घरांचे भाव पडतील," दुसरं कुणी म्हणालं. पण केंद्र सुरू झालं, आणि मग गल्लीला एक नवीनच करमणूक मिळाली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून, समोर कोण जातं ते बघायचं.

या बाकाचे कायमचे मानकरी म्हणजे पेन्शनर काका. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर हाताखाली कुणी उरलं नाही, म्हणून आता अख्ख्या गल्लीवर देखरेख ठेवत.

"मामा, तो बघ निळा शर्ट," काका पेपरच्या आडून म्हणत. "पत्ता शोधल्यासारखं करतोय. आता शिरतो की नाही बघ."

"शिरला!" मामा गळ्यातली टेप सारखी करत म्हणत. "तोंडाला रुमाल, डोळ्यांना गॉगल. अहो काका, एवढं झाकायचं होतं, तर वेळेवर झाकायचं ना!"

बाकावर हशा पिकायचा. धाकट्याच्या मशिनीचा आवाज तेवढा थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

"मी म्हणतो, अशा लोकांना वस्तीत आणायचंच कशाला?" मामा पुढे सांगत. "मजा मारायची यांनी आणि औषधं द्यायची सरकारने. ठेवावं कुठे तरी लांब. आपापसांत काय ते करतील."

वाचकहो, असं बोलणं आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलं आहे. काहींनी केलंही असेल. बोलणारा वाईट नसतो. त्याला फक्त एवढंच ठाऊक नसतं, की ऐकणाऱ्यांत कोण बसलं आहे.

धाकट्याला एचआयव्हीची लागण झाल्याला बरीच वर्षं झाली होती. हे घरात एकट्या धाकटीला माहीत होतं. लागण कशी झाली, हे त्याने तिला सांगितलं होतं. ते त्या दोघांमध्ये राहिलं आणि आपणही ते तिथेच राहू देऊ. महत्त्वाचं एवढंच, की तो औषध घेत होता आणि ठणठणीत होता. दर महिन्याला दोरे, अस्तर आणि बटणं आणायला म्हणून तो शहरात जायचा, तिथल्या मोठ्या इस्पितळातून गोळ्या आणायचा आणि रोज न चुकता घ्यायचा. धाकटीची तपासणी दर वेळी स्वच्छ यायची. मुलगीही निरोगी होती. मशिनीच्या टाक्यासारखं सगळं सरळ चाललं होतं.

अशात एकदा इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला आनंदाने सांगितलं, "आता एवढ्या लांब यायची गरज नाही. तुमच्याच भागात केंद्र उघडलंय. तुमचे कागद आम्ही तिकडे पाठवलेत."

धाकट्याने पत्ता विचारला, आणि तो त्याच्याच गल्लीचा निघाला.

औषध घराजवळ आलं होतं! इतकं जवळ, की मशिनीवरून मान वर केली की दार दिसायचं. आणि त्या दाराच्या वाटेवर त्याचा सख्खा भाऊ बसला होता.

हातातल्या गोळ्या संपेपर्यंत त्याने धीर गोळा करून पाहिला. एकदा दुपारी बाक रिकामा होता, तेव्हा तो दुकानाची पायरी उतरलासुद्धा. तेवढ्यात मामांनी आतून हाक मारली, "कुठे रे?" "कुठे नाही," म्हणत तो परत येऊन बसला. पुन्हा शहरातल्या इस्पितळात जावं, तर तिथे कारण विचारतील. काय सांगणार? माझा दादा समोर बसतो, असं? लाजेने त्याने तेही टाळलं. केंद्रातून फोन आले, तेव्हा "राँग नंबर" म्हणून त्याने ठेवून दिले.

गोळ्या संपल्या. काहीच झालं नाही. पुढचा महिना गेला, तरी काही झालं नाही. माणूस अशा वेळी स्वतःला सहज फसवतो. धाकटीने विचारलं, की तो म्हणायचा, "आणल्यात, दुकानात ठेवल्यात."

एक दिवस केंद्रातल्या मॅडम रस्ता ओलांडून दुकानात आल्या. रुग्णांशी बोलून त्यांना धीर देणं, औषधाचं महत्त्व समजावणं, हे त्यांचं काम. हातात पांढरा कोट होता.

"याच्या बाह्या जरा आखूड करून द्याल का?" त्यांनी विचारलं. बोलताना त्यांची नजर धाकट्याकडे गेली नाही. मुद्दामच गेली नाही; केंद्रात आलेल्या कागदांवर याच दुकानाचा पत्ता होता.

मामांनी कोटाला हात लावला नाही. "माफ करा हं मॅडम. तिथले कपडे आम्ही घेत नाही. आमच्याकडे चार गिऱ्हाइकं येतात, त्यांचाही विचार करावा लागतो."

"कपड्यातून काही होत नाही, मामा."

"तुम्ही म्हणणारच. तुमचा पगार आहे त्यात."

काका बाकावरून हसले. मॅडमनी कोटाची घडी घातली. मग जरा मोठ्याने, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "एक सांगते. हे औषध चालू असलं, की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. मध्येच सुटलं, की आजार डोकं वर काढतो. पण सुटलेलं पुन्हा सुरू करता येतं. उशीर झाला म्हणून आम्ही कुणाला रागवत नाही. आणि कुणाला इथे यायला अवघड वाटत असेल, तर दुसरीकडेही सोय करून देतो."

"आम्हाला कशाला सांगता?" मामा म्हणाले. "इथे त्यातलं कुणी नाही."

धाकटा सुईत दोरा ओवत होता. दोरा काही केल्या नेढ्यात जात नव्हता.

मॅडम गेल्या.

त्यानंतर धाकटा वाळत गेला. आधी खोकला, मग बारीक ताप. मामांनी त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, टॉनिकच्या बाटल्या आणल्या. त्याच्या पँटी सैल झाल्या, तेव्हा मामांनी स्वतः शिलाई उसवून कंबर आत घेतली. काही दिवसांनी पुन्हा घेतली. नंतर तर आत घ्यायला कापड पुरेना. आयुष्यभर माणसांची मापं घेणाऱ्या माणसाने सख्ख्या भावाचं माप उतरताना डोळ्यांनी पाहिलं, हातांनी शिवलं, पण "अरे, तुला झालंय तरी काय?" असं दाराला कडी लावून, जवळ बसून एकदाही विचारलं नाही. "खात नाहीस नीट," एवढंच दहा लोकांत म्हणाले.

एका सकाळी धाकटा मशिनीवरच कोसळला.

इस्पितळात डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि धाकटीला बाजूला बोलावलं. मामाही मागे गेले. "औषध कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसलं औषध?" मामा म्हणाले.

डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली. पदराचा बोळा तोंडावर धरून तिने जे सांगितलं, ते ऐकताना मामांना वाटलं, ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरची गोष्ट सांगते आहे.

फुफ्फुसांत क्षय पसरला होता आणि त्याच्याशी लढायला अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा औषधं सुरू केली, पण त्यांच्या बोलण्यात 'बघू' हाच शब्द सारखा येत होता.

मामा खाटेजवळ बसले. भावाचा हात हातात घेतला. बोटावर सुई टोचून टोचून झालेला घट्टा तेवढा ओळखीचा होता.

"मला का नाही रे सांगितलंस?" मामांनी विचारलं. "मी तुझा भाऊ ना?"

धाकटा छताकडे पाहत, धापा टाकत म्हणाला, "काय सांगणार, दादा? अशा लोकांचं काय करावं, ते तू रोज सांगत होतास. मी ऐकत होतो ना शेजारी बसून."

"अरे, ते तुला थोडंच म्हणत होतो!"

"मग कुणाला म्हणत होतास?"

निळ्या शर्टाचा माणूस, गॉगलवाला, छोटं मूल कडेवर घेऊन घाईघाईने आत शिरणारी बाई, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. तेही कुणाचे तरी धाकटे होते.

आठवडाभरात धाकटा गेला.

सगळं उरकून आल्यावर गल्ली भेटायला आली. "काय झालं होतं?" सगळ्यांनी विचारलं. "न्युमोनिया," मामा म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. पेन्शनर काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "मला तर समोरच्या केंद्राचाच संशय आहे. हवाच दूषित झालीय इथली. आपण सगळे मिळून कचेरीत जाऊ, ते इथून हलवायला सांगू. तू पुढे हो मामा, तुझ्या शब्दाला वजन आहे."

मामा उठून मागच्या खोलीत गेले.

घरात वेगळंच सुरू झालं होतं. धाकटी आपलं ताट वेगळं घासायची, वेगळं ठेवायची. मुलगी गळ्यात पडायला आली, की तिला दूर सारायची. मामींनाही भीती वाटत होती, पण बोलवत नव्हतं. "अगं, तू तपासून घे," मामा एकदा म्हणाले. धाकटीने मान हलवली. "नको दादा. तिथे गेले, की त्यांचंही नाव खराब होईल आणि माझंही. जे व्हायचं ते होऊ दे."

हे मामांच्याच तोंडचं बोलणं होतं. तिच्या तोंडून परत आलं होतं.

मामांनी ठरवलं, आपणच जाऊन मॅडमना विचारायचं. दुकानातून उठले, चपला घातल्या, पायरी उतरले. रस्ता फार रुंद नव्हता. एक रिक्षा आणि एक हातगाडी शेजारी-शेजारी आली, की भरायचा. पण पाय उचलेना! बाकावर काका होते. कोपऱ्यावर दोघं उभे होते. वरच्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घालत होतं. प्रत्येक डोळा आपल्याकडेच लागलाय, असं मामांना वाटलं. काका म्हणाले, "काय मामा, कुणीकडे?"

"कुठे नाही," मामा म्हणाले आणि परत येऊन बसले.

समोर भावाची मशीन झाकून ठेवलेली होती. हाच शब्द तोही म्हणाला होता, इथेच. मामांनी कापडात तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी ते केंद्राच्या मागच्या बाजूने, कचराकुंडीपाशी असलेल्या दाराने आत गेले. आत काय असेल, असं त्यांना वाटलं होतं, देव जाणे. बाकं होती, पाण्याचं पिंप होतं, आणि आपला नंबर यायची वाट बघणारी माणसं होती. कुणी पेपर वाचत होतं, कुणी मुलाचं नाक पुसत होतं.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. कोटाचा विषय काढला नाही. मामांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एकदा मला स्पष्ट सांगायचं होतंत, मॅडम. मी त्याला उचलून आणला असता."

"कुणाचा आजार आम्ही कुणाला सांगत नाही, मामा. भावालाही नाही. तो विश्वास गेला, तर उद्या इथे कोण येईल?"

"पण त्याला हे झालंच कसं?"

मॅडमनी समोरची नोंदवही मिटली. "हा प्रश्न मला सगळे विचारतात. कसं झालं, कुठून आणलं, कुणापासून आणलं. 'आज गोळी घेतलीस का रे?' हा प्रश्न मात्र घरचं कुणी विचारत नाही. मामा, एका ताटात जेवून हा आजार होत नाही. हात धरून, जवळ घेऊन, एका मशिनीवर बसून होत नाही. नियमित औषधाने रक्तातला विषाणू इतका दबतो, की तपासणीत सापडत नाही, आणि मग जोडीदारालाही लागण होत नाही. आमच्याकडे गोळ्या आहेत, तपासणी आहे, सगळं फुकट आहे. लोकांच्या नजरेवर मात्र आमच्याकडे गोळी नाही. ती तुमच्याकडे आहे."

शहरात गेलो तर इथे कुणाला कळणार नाही, असं मामांनी समजावल्यावर धाकटी तपासणीला तयार झाली. दुकान बंद असण्याच्या दिवशी मामा आणि मामी तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेले. तिथेच अहवाल मिळाला. लागण झाली होती.

इतकी वर्षं जी स्वच्छ राहिली, तिला धाकट्याचं औषध सुटल्यानंतर आजार लागला होता. हे कुणी मामांना बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. परतताना ते गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. मामींनी मात्र सगळ्यांदेखत धाकटीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि घरी आल्यावर तिचं वेगळं ठेवलेलं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत मिसळून टाकलं.

त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "उद्या मी बाकावर उभा राहून गल्लीला सांगणार. माझा भाऊ न्युमोनियाने नाही गेला. माझ्या जिभेने गेला. सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

धाकटी म्हणाली, "दादा, तुमचं मन मोकळं होईल. पण माझ्या पोरीला शाळेत कुणाशेजारी बसवतील?"

मामा चपापले. खरंच की! या वेळीही ते स्वतःच्याच जिभेचा विचार करत होते. जी जीभ इतकी वर्षं आवरली नाही, ती आता आवरायची, आणि जन्मभर आवरायची, हीच त्यांची शिक्षा होती.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"मला तिथे जाता येईल, असं काही तरी करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, बाक भरलेला असताना, मामा पायरी उतरले. काकांनी विचारलं, "कुणीकडे?"

"समोर. तपासणी करून घ्यायला."

काकांचा पेपर खाली आला. "तुला काय झालंय?"

"तेच बघायला चाललोय. रक्तदाब तपासतो, साखर तपासतो, हेही तपासायचं. तुम्हीही चला काका."

"शिव शिव! मी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण, काका?" मामा शांतपणे म्हणाले. "या बाकावर तर तुम्ही आणि मीच बसतो."

कुणी हसलं नाही. मामांनी रस्ता ओलांडला. मागे वळून न बघता ते पुढच्या दाराने आत गेले. परत आले, तेव्हा बाक रिकामा होता. कचेरीत जाण्याचा बेत काकांनी पुन्हा काढला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "केंद्र इथेच राहील. मी येणार नाही आणि तुम्हाला जाऊही देणार नाही."

याची किंमत त्यांनी मोजली. काही गिऱ्हाइकांनी कापड परत नेलं. "मामालाच काही तरी झालंय," अशी कुजबुज उठली. काल इतरांवर उडालेले शिंतोडे आता त्यांच्या अंगावर आले. मामांनी ते खोडून काढले नाहीत. पुढल्या आठवड्यात ते मामींना घेऊन गेले. मग शेजारच्या न्हाव्याला. मग लग्न ठरलेल्या एका गिऱ्हाइकाला, "आधी दोघं जाऊन या, मग सूट शिवतो," म्हणून दटावून पाठवलं. हळूहळू असं झालं, की त्या दारातून कोण तपासायला जातं, कोण औषधाला जातं आणि कोण नुसतं विचारायला जातं, हे बाहेरून ओळखता येईना. त्याच गर्दीत एक दिवस धाकटीही गेली. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

ती आज बरी आहे. मुलीला जवळ घेऊन झोपते. काका मात्र अजून मामांशी बोलत नाहीत. आणि धाकट्याचा विषय निघाला, की मामा आजही "न्युमोनिया" म्हणतात आणि मान खाली घालून शिवत राहतात. खरं काय ते सांगून हलकं व्हायचा हक्क त्यांना नाही, हे त्यांनी स्वीकारलं आहे. मागाहून कितीही चांगलं केलं, तरी गेलेला भाऊ काही परत येत नाही.

वाचकहो, या आजाराला आज औषध आहे आणि ते फुकट आहे. तरीही माणसं मरतात. कारण औषधापर्यंतच्या वाटेवर कुणी तरी बसलेलं असतं. तुमच्या गल्लीत, तुमच्या कचेरीत, तुमच्या घरातही कुणी तरी आपली गोळी लपवून तुमचं बोलणं ऐकत असेल. तो कोण, हे शोधू नका. आज तुम्ही काय बोलता आहात, तेवढं मात्र सांभाळा.